मामूंनी मोकळं ठेवलेलं रान

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि पंख बांधून डोंगरावरून उडणारा तर सगळ्या गावातला पहिला. हँग ग्लायडिंगच्या स्पर्धेत जो सर्वांत लांब उतरेल तो जिंकतो, आणि तिथून त्याला परत आणायला जीप लागते. माझी जीप चितेगावचे एक मामू चालवतात. नकाशा दाखवला की म्हणतात, "कागद ठेवा खिशात, सर. दर गावात आपला माणूस हाय." खरंच असतो. मी उतरतो तिथं माझ्याआधी चहा पोचलेला असतो.

यंदा लासूर स्टेशनच्या अलीकडंच माझी उंची संपत आली. रुळांपलीकडच्या पहिल्याच रानात सर्वांत पुढचा स्पर्धक उतरलेला दिसत होता. तिथवर आपण पोचत नाही, असं मी मनाशी धरलं. तेवढ्यात वायरलेसवर मामू ओरडले, "सर, डाव्या हाताला गव्हाचं रान! मेव्हण्याला सांगून तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय!"

वळून पाहतो तर रानाच्या मधोमध शंभरेक माणसं, हार घेऊन.

"मामू, माणसं हटवा!"

"कशी हटवू, सर? तुम्हालाच बघायला आलीत!"

घाबरून मी सरळ पुढं निघालो. रुळांच्या तापल्या खडीवरच्या गरम हवेनं जरा उचललं, आणि त्या स्पर्धकाच्या डोक्यावरून दोन बांध पुढं जाऊन मी आदळलो. पहिला आलो.

मामू जीपमधून उतरले. माझ्याकडं न बघताच मेव्हण्याला फोन लावला.

"अगले साल डबल पब्लिक लाना, मियाँ."