पावलांची गाडी

परबसाहेबांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक काड्यापेटी असायची आणि तिच्यात काड्यांऐवजी तुरीची डाळ. बिडी-सिगरेटला ते शिवत नसत. अंधेरीच्या त्या खोकी छापणाऱ्या प्रेसमध्ये मी आर्टिस्ट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मलमाच्या डबीसाठी पानाफुलांचं चिन्ह काढून मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी काड्यापेटी उघडली, डाळीचा एक दाणा माझ्या चित्रावर ठेवला आणि म्हणाले, "सुनंदा, एवढं करून दाखव. दिसलं तर चिन्ह. नाही दिसलं तर नक्षी."

मला भयंकर राग आला होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचं नाव 'डाळवाले' ठेवून मोकळी झाले. डाळीचं माप मलमाच्या डबीसाठी नव्हतंच, ते त्यांच्या रेल्वेसाठी होतं, हे पुढे कळलं.

ते आमच्या आर्ट विभागाचे प्रमुख. कुणाच्याही बिस्किटाला, साबणाला दुपारच्या चहापर्यंत चिन्ह काढून द्यायचे. स्वतःच्या रेल्वेचं चिन्ह मात्र काही केल्या जमत नव्हतं. रेल्वे म्हणजे खेळण्यातली. इंजिन आणि रूळ बोटीवर नोकरी करणाऱ्या चुलतभावाने परदेशातून आणून दिलेले, डबे आमच्याच प्रेसमधल्या जाड पुठ्ठ्याचे. बोरिवलीच्या दोन खोल्यांत ही रेल्वे एका फळीवर मांडलेली असे, आणि फळी कप्पीने ओढून पलंगाच्या वर टांगलेली. परबवहिनी म्हणायच्या, "बायकांच्या डोक्यावर पदर असतो, माझ्या डोक्यावर रेल्वे आहे."

ही गाडी मुंबईहून वेंगुर्ल्याकडे त्यांच्या गावाला जायची. तेव्हा तिकडे खरी रेल्वे नव्हती. सर्व्हे झाला, सर्व्हे होणार, एवढंच ऐकू यायचं. त्यांची म्हातारी आई, जिला ते 'आये' म्हणत, ती गावी एकटी राहायची. नवरा गिरणीत गेला, तो मुंबईतच वारला. मग भाऊ मुंबईला गेले, मुलगेही गेले. सगळ्यांना गिळणाऱ्या त्या मुंबईची आगगाडी कशी असते, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आता ती फार थकली होती. खरी गाडी येईपर्यंत ती राहायची नाही, तेव्हा खोटी का होईना, पण तिला दाखवायची, असा परबसाहेबांनी हट्ट धरला होता.

"पण चिन्ह कशाला हवं, साहेब?" मी विचारलं.

"तिला अक्षर येत नाही गो. ही आपली गाडी, हे तिनं कशावरून ओळखायचं?"

मग मीही त्यात पडले. मी माड काढला. म्हणाले, "हे तेलाच्या बाटलीवर लाव." लाट काढली. "ही बघायला येणाऱ्यांची." शेवटी आंबा काढला, तेव्हा चिडून मालवणीवर आले. "आंबो मुंबैक जाता गो! आयेच्या वाट्याक कोय येता."

सरतेशेवटी आमच्या दोघांच्या डोक्यातून एक उतरलं. कौलारू घर आणि त्याच्या दारातून निघालेले दोन रूळ. डाळीएवढं करूनही स्वच्छ दिसत होतं. त्याचा चिमुकला ठसा बनवून घेतला, चिठ्ठ्या छापल्या, प्रत्येक डब्यावर डकवल्या. गणपतीला परबसाहेब गाडी भरलेली ट्रंक मांडीवर घेऊन एस.टी.ने गावी गेले. मला तर विभागाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटत होतं.

परत आले ते तोंड पाडून. आयेने म्हणे डबा हातात घेतला, डोळ्यांशी नेला आणि विचारलं, "बरी आसा रे. पण ही घरातसून न्हेणारी गाडी. घराक हाडणारी खंय आसा?" साहेबांनी समजावलं की घरी आणणारी वेगळी नसते, रूळ तेच असतात, गाडी जाते आणि येतेही. आयेने नुसतं उंबऱ्याकडे बोट दाखवलं. गौरी आणल्या होत्या. दारातून आत तांदळाच्या पिठाची पावलं काढलेली होती, बोटं घराकडे वळलेली. "बोटां खंय बघतत?" एवढंच तिने विचारलं.

"पुढच्या गणपतीक दुसरी हाडतंय," असं साहेब बोलून गेले. ती हसली. त्या हसण्यानेच त्यांना घाबरवलं असावं.

आल्या दिवसापासून त्यांनी ब्लेडने चिठ्ठ्या खरवडायला घेतल्या. आम्ही सगळे म्हणालो, राहू द्या हो, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ते. ते खरवडतच राहिले. आता घराच्या दारात आत येणारं पाऊल हवं होतं. मी काढलं, पण डाळीएवढं केलं की पाचही बोटांचा एक ठिपका व्हायचा.

"बोटं गाळू या का?" मी म्हटलं.

"बोटं गाळलीस तर पाऊल कुठे निघालंय, ते कसं कळणार?" त्यांनी कागदावरचं घर अंगठ्याने झाकलं. मग म्हणाले, "घर गाळू. घर तिला माहीत आहे."

आणि काड्यापेटीतली डाळ त्यांनी खिडकीतून चिमण्यांना टाकून दिली. चिन्ह डब्याच्या अंगावर नको, टपावर घेऊ. एका टपावर एकच पाऊल, पूर्ण टपभर. एक डबा उजवा, पुढचा डावा, पुन्हा उजवा, आणि सगळी बोटं इंजिनाकडे. गेरूच्या रंगावर पांढरी पावलं मी रंगवली. डबे जोडले आणि गाडी सुरू केली, तेव्हा फळीवरून कुणीतरी चालत गेलं. साहेबांनी शांतपणे फळीखालचं बटणांचं खोकं उघडून गाडी उलटी चालवायचा खटका काढून टाकला. "पावलं मागं जात नाहीत," म्हणाले.

गावाहून निरोप आला, आयेने अंथरूण धरलंय. प्रेसमध्ये दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांची नुसती झुंबड उडालेली. शेठ म्हणाले, "परबसाब, सीझन के टाइम छुट्टी?"

"सीझन फिर आयेगा, शेठ. मेरी माँ रुकनेवाली नहीं."

ते परतले ते डोक्याचे केस उतरवूनच.  मी न राहवून विचारलं, "साहेब, त्यांनी पाहिली ना?"

त्यांनी खुर्ची ओढली. गेल्या गेल्या दोन दिवस आयेला शुद्धच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. साहेबांनी ओटीपासून उंबऱ्यावरून तिच्या खाटेपर्यंत रूळ मांडले, उंबऱ्याला दोन्हीकडून फळ्या टेकवल्या आणि टॉर्चच्या सेलवर गाडी सोडली. सोबत गेलेल्या वहिनींनी आयेला धरून बसवलं. पावलं एकामागून एक उंबरा चढली, उतरली आणि आत आली. आयेने हात करून गाडी थांबवायला लावली. वहिनींकडून भाकरीचा तुकडा आणि पाणी मागून घेतलं, लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसं इंजिनावरून ओवाळलं, आणि तुकडा बाहेर टाकायला लावला.

"मगे माझ्याकडे बघितल्यान," परबसाहेब म्हणाले. दोन दिवस तिच्याच उशाशी बसलेल्या आपल्या मुलाला, तो आत्ताच गाडीतून उतरून आल्यासारखं, तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणाली, इलंस, बाबू? पाय धुवन घे. जेवूक बस."