दुधाचा आळ

दिनांक १४ मार्च २०२४, धुळे. प्रमिलाबाई, वय बहात्तर, यांना स्मृतिभ्रंशाबरोबर भास होतात आणि त्या घरच्यांवर चोरीचा आळ घेतात, ही तक्रार घेऊन त्यांचा धाकटा भाऊ हेमराज डॉक्टरांकडे गेला. चार मिनिटांत गोळी लिहून मिळाली. रक्त तपासले नाही. रुग्ण काय खाते, हे विचारले नाही.

आई गेल्यावर याच अक्काने जळगावच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडून हेमराजला मास्तर केले. स्वतः लग्न केले नाही. ती विसरू लागली तेव्हा हा शिकलासवरला भाऊ देवीला नवस बोलला: अक्का बरी होईपर्यंत घरात दूध, दही, अंडी, मटण येणार नाही. तीन वर्षे कोरा चहा आणि भाकरी-भाजी. त्यात अक्काला मधुमेहाची गोळी बारा वर्षांपासून चालू.

अक्का कपबशी ढकलून द्यायची. "मनं दूध चोरी लेस तू! अन् खाटखाले बठेल त्या मानूसले पाजस!"

"अक्का, खाटेखाली कोणी नाही गं."

"चोरले चोरच साक्षीदार!"

नव्या गोळीने ती दिवसभर पेंगू लागली. जागी असली तरी त्याच्या हातचा घास घेईना. शेजारीण भरवायची आणि हेमराज दाराआड उभा राहायचा. लहानपणी तापात त्याला मांडीवर घेऊन भरवणारी ती, त्याला पाहताच पदराने तोंड झाकायची.

अकरा महिन्यांनी हेमराजने तिला जळगावला दाखवले. तिथल्या डॉक्टर सबीहांनी विचारले, "चहा कसला देता?"

"कोरा. नवस आहे."

"मास्तर, मग दुधाचं त्या खरंच बोलत होत्या की!"

हेमराजची मान खाली गेली. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला निघाले; ते दूध, अंडी, मटणातून मिळते आणि मधुमेहाची ती गोळी वर्षानुवर्षे घेतली की आणखी कमी होते. इंजेक्शने सुरू झाली, नवस मोडून घरात दूध आले. "भास कमी होतील," डॉक्टर म्हणाल्या, "गेलेली ओळख परत येईलच असं नाही."

दोन महिन्यांत खाटेखालचा माणूस दिसेनासा झाला. अक्का हेमराजच्या हातून दूधभाकरी खाऊ लागली. एकदा घास गिळून म्हणाली, "भाऊ, तू भला मानूस शे. मना हेमराज शाळामाईन उना का?"

"येतोच आहे शाळेतून, अक्का."

नवसाचा दोष हेमराजचा. तो त्याने पत्करला आहे. पण चहाचा तो प्रश्न अकरा महिने आधी विचारला गेला असता तर तिने त्याला एकदा तरी नावाने हाक मारली असती का, याचे उत्तर आता कोणाकडेच नाही.

वाचकहो, घरातले म्हातारे माणूस विसरू लागले, त्याला भलतेच दिसू लागले, तर त्याच्या ताटात काय असते आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगा. बी-१२ची तपासणी मागा. नकार मिळाला तर त्याचे कारण लेखी मागा.