ब्रेकच्या बोल्टवरची पिवळी रेघ

सुदर्शन भोयर मूळचा आर्वीचा. बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात आला आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला लागला. कामावर तो कंपनीच्या बसने जायचा. घरी गाडी होती, वीस-बावीस वर्षांची पांढरी होंडा सिटी, व्हीटेक इंजिनाची. पण ती ऑफिसला न्यायची नव्हतीच. धायरीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर शनिवारी तो तिच्याखाली आडवा पडलेला असे. त्याने ती जमिनीलगत आणली, एक्झॉस्ट बदलला, सीट काढून दुसऱ्या बसवल्या. शेजारी विचारायचे, "भोयर, गाडी चालवता कधी? का नुसतीच उघडता?"

इंजिनाला मात्र तो हात लावत नसे. ते काम अय्युबभाईंचं. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं गॅरेज होतं आणि गॅरेजला लागून घर. वय साठीच्या पुढे, हात अजून पक्का, बोलणं तिरकस. कोणी घाई केली की म्हणत, "नवीन गाडी घ्या की. शोरूमवाले हसूनसुद्धा बोलतात." घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर ते पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचे.

एका डिसेंबरात त्यांनी तीन आठवडे खपून सुदर्शनचं इंजिन पूर्ण उघडून बांधलं. शुक्रवारी गाडी घरी आली. नाना पेठेतून आणलेले नवे ब्रेकपाइप डिकीत तसेच पडले होते. रविवारी ग्रुपबरोबर सासवडला जायचं ठरलं होतं. व्हिडिओ बघून शनिवारी सुदर्शनने ते स्वतःच बसवले.

ग्रुप जुन्या वेगवान गाड्यांच्या हौशी मंडळींचा होता. चारशे लोक, आणि त्यांत सुदर्शनच्या शब्दाला वजन. कोणाचं काही अडलं की, "भोयरला विचारा."

सासवडला मिसळ खाऊन बारा गाड्या परत निघाल्या. दिवे घाट उतरताना सुदर्शनच्या पायाखालचं पेडल मऊ झालं आणि खाली गेलं. ब्रेक निम्मेच लागले. त्याने गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी पुढच्या नम्रताच्या गाडीवर आदळली. नम्रताचा सदाशिव पेठेत दाताचा दवाखाना होता. ती मान धरूनच खाली उतरली.

"ब्रेक कोणी केलेत?" तिने विचारलं.

सगळे भोवती जमले होते.

"अय्युबभाईंनी," सुदर्शन म्हणाला.

हे खोटं बोलायला त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही.

त्या दिवशीच कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, 'स्वारगेटमागच्या त्या गॅरेजपासून सावध राहा. म्हाताऱ्याला आता झेपत नाही.' खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात सुदर्शनचाही अंगठा होता.

सोमवारी रजा टाकून त्याने चाक काढलं. पाइपचा सांधा तेलाने ओला होता. बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचं एकेक वायसर लागतं; त्याने एकच घातलं होतं. दुसरं पाकिटातच राहिलं होतं. त्याने सांधा पुसला, वायसर घातलं, बोल्ट आवळला. मग त्याच्या लक्षात आलं, की इंजिनावरच्या सगळ्या बोल्टांना पिवळी रेघ आहे आणि याला नाही. तो अप्पा बळवंत चौकात गेला, पिवळा मार्कर घेऊन आला आणि बोल्टच्या डोक्यावर रेघ ओढली.

ग्रुपवरचं अय्युबभाईंच्या कानावर गेलंच. गुरुवारी त्यांचा फोन आला. "सुदर्शनराव, गाडी घेऊन या. माझं कुठे चुकलं ते मला बघू दे."

तो शनिवारी सकाळी गेला. गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. अय्युबभाई थकलेले दिसत होते.

"तुमचे पाइप डिकीत होते ते मला आठवतं," ते म्हणाले. "बसवल्याचं आठवत नाही. पण तुम्ही सांगताय म्हणजे बसवले असणार. तुम्ही उगाच कशाला खोटं बोलाल? आठवडाभर मी एकाही ब्रेकला हात लावला नाही. आमची ही म्हणते डॉक्टरला दाखवा, विसरायला लागलात."

त्यांच्या पत्नी बिलकिसभाभी घराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

अय्युबभाईंनी चाक उतरवलं, चष्मा पुसला आणि बोल्टकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही रेघ माझी नाही," ते म्हणाले. "रेघ बोल्टवरून खालच्या लोखंडापर्यंत न्यायची असते. बोल्ट फिरला की ती तुटते, म्हणजे सैल झालेलं कळतं. याला नुसता टिळा लावलाय."

"मी लावला," सुदर्शन म्हणाला. "पाइपही मीच बसवले. एक वायसर राहिलं होतं."

आता ते ओरडतील असं त्याला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. अय्युबभाईंनी मोठा श्वास सोडला आणि दाराकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? मी विसरलो नव्हतो." त्यांचे डोळे भरून आले होते. सुदर्शनला तिथे उभं राहवेना.

"चुकतं माणसाचं," ते त्याला म्हणाले. "पण जिथे माझं नाव घेतलंत ना, तिथेच आता तुमचंही घ्या."

तिथेच स्टुलावर बसून त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं, मार्करसकट. चारशे लोकांपैकी कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. त्याने नम्रताला फोन लावला. तिच्या मानेला पट्टा होता आणि दवाखाना तीन आठवडे बंद. सगळं ऐकून ती म्हणाली, "मान होईल बरी. पुन्हा फोन करू नकोस." त्याने केला नाही.

गिऱ्हाइकं हळूहळू गॅरेजकडे परतली, सगळी नाही. सुदर्शन ग्रुपमध्ये आहे, पण आता त्याला कोणी काही विचारत नाही. शनिवारी तो अय्युबभाईंकडे जातो आणि ते सांगतील तेवढंच करतो. ते पूर्वीसारखेच तिरकस बोलतात. त्यांच्यापुरता तो विषय संपला आहे. बिलकिसभाभी मात्र चहाचा कप त्याच्यापुढे ठेवतात आणि एक शब्द न बोलता आत जातात. दीड वर्ष झालं. त्या कधी बोलतील असं त्याला वाटत नाही, आणि त्यांचं काही चुकतंय असंही वाटत नाही.