एका मताचे तीन मालक

आमच्या घरात आजवर एकच मत विचार करून पडलेलं आहे, आणि त्या एका मतापायी माझ्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

गोष्ट भिलाईची, मध्य प्रदेशाच्या दिवसांतली. (आम्ही घर बदललं नाही, राज्यच आमच्या खालून बदललं.) बाबा स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसातून रिटायर होऊन माझ्या क्वार्टरमध्ये राहत होते. ऑफिसात कोण उशिरा आला ते लिहायचं आणि बाहेर पक्षाला मत द्यायचं, ही दोन कामं त्यांनी जन्मभर चोख केली. पक्ष कोणता ते सांगत नाही. तुमचा असला तर उगाच खूश व्हाल, नसला तर पुढचं वाचणार नाही.

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे तालीम होत असे. बाबा कोऱ्या कागदावर मतपत्रिका आखायचे आणि सगळ्या निशाण्या स्वतः काढायचे. (त्यांचा उंट आणि त्यांचा बैल यांतला फरक फक्त त्यांनाच कळायचा.) मग घरातल्या प्रत्येकानं पडद्यामागे जाऊन, बाटलीचं बूच शाईत बुडवून पक्षाच्या निशाणीवर ठसा मारायचा. त्यानंतर घडी. आधी उभी, मग आडवी. उलटी केली की ओली शाई भलत्याच निशाणीवर उमटते आणि मत बाद होतं. मी सहावीत असल्यापासून मतदान करतोय. सरकारला ते मी एकवीस पूर्ण केल्यावर कळलं.

त्या वर्षी मात्र मी बंड केलं. पक्षाचा उमेदवार असा होता की पाच वर्षांत आमच्या सेक्टरात एकदाच आला, तोही रस्ता चुकून. मी बाबांना म्हणालो, "बाबा, पक्ष म्हणजे नुसता डबा. आत भाजी कोणती आहे ते झाकण उघडून पाहाले नको?"

"अन् तुही भाजी डब्याबिगर नेशीन कशी? हातात?" बाबा म्हणाले. "एकटा मानूस भोपाळले जाऊन काय करन? हात वर कराले बी दहा जनं लागते."

यावर मी आवाज वाढवला. महिनाभर सकाळी चहाला, रात्री जेवताना, मी घरच्यांना एकच ऐकवत होतो. माणूस पाहा, माणूस पाहून मत द्या. आई तर कंटाळून, जेवणं लवकर उरकावीत म्हणून पोळ्या भराभर लाटायला लागली.

अशात माझ्या बहिणीचं, सुमनचं, लग्न ठरत आलं. मुलगा मधुकर, चरोद्याला रेल्वे यार्डात क्लार्क. वडील नव्हते, त्यामुळे घरात शब्द चाले तो काकांचा. काका म्हणजे जवळच्याच सुपेल्याचे होमिओपॅथीचे डॉक्टर. साधा, सरळ, खोट्याची चीड असलेला माणूस. सगळं बोलणं झालं होतं, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. सुमननं मनातल्या मनात चरोद्याच्या क्वार्टरला पडदेसुद्धा लावून टाकले होते. आणि तेवढ्यात डॉक्टरकाका निवडणुकीला उभे राहिले. अपक्ष. निशाणी छत्री.

ते आमच्याकडे मत मागायला आले तेव्हा मी पाटावरून उठून म्हणालो, "काका, चार मतं तुमचीच समजा."

"तीन समजा," खुर्चीतून बाबा म्हणाले. "डॉक्टर, पोरगी तुमच्या घरी खुशीनं देतो. मत नाई देत. पोरगी माही आहे, मत पक्षाचं आहे."

आईचा जीव अर्धा झाला. पण डॉक्टरकाका हसले आणि म्हणाले, "तोंडावर नाई म्हननारा मानूस मले चालते जी."

मतदान झालं. बाबा दिवसभर बूथबाहेर पक्षाच्या टेबलावर बसून मतदारांच्या नाव-नंबराच्या पर्च्या वाटत होते. आम्ही तिघं त्यांच्यासमोरून गेलो, त्यांच्याच हातची पर्ची घेऊन. मी त्यांना डोळ्यानं खूण केली, म्हणजे आता पाहा. त्यांनी माझं नाव यादीत शोधून त्यावर टिक मारली, बस.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरकाका आले. हरले होते, तेही चांगलेच. त्यांचा कंपाउंडर मोजणीला बसला होता आणि त्यानं एकेका बूथचे आकडे कागदावर उतरवून आणले होते. काकांनी तो कागद टेबलावर ठेवला.

"हारलो त्याचं काई नाई," ते म्हणाले. "पन तुमच्या बूथवर मले एक मत पडलं. एक."

तीन पडायला हवी होती, हे पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. मीच पुढं झालो. "काका, ते माझं," मी म्हणालो. "महिनाभर मी घरात काय सांगत होतो, कोणालाही विचारा."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आतून तिला अर्धंच ऐकू आलं असावं. कप ठेवता ठेवता म्हणाली, "सांगाचं नसते म्हनतेत, पन छत्रीवर मीच मारला जी शिक्का."

मी आईकडं पाहायला लागलो, पण ती माझ्याकडं पाहीना. पाठोपाठ सुमन चिवड्याची बशी घेऊन आली, काकांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, बाकीच्यांचं मले माहीत नाई, मी तुमालेच देलं." तिला वाटलं, नवरीनं तरी एवढं बोललंच पाहिजे.

डॉक्टरकाकांनी चहाला हात लावला नाही. "एक मत अन् तीन मालक," ते शांतपणे म्हणाले. "म्हनजे याच्यातले दोघं तरी माह्या तोंडावर खोटं बोलून राहिले. मत नसतं देलं तरी चाललं असतं. पन असं सहज खोटं बोलनाऱ्या घरची पोरगी मी मधुकरले कशी करू?" आणि ते चपला घालायला उठले.

सुमन चिवड्याची बशी घेऊन तशीच काकांच्या मागं दारापर्यंत गेली. आईनं पदर तोंडाला लावला.

"बसा डॉक्टर," खुर्चीतून बाबा म्हणाले. "ते मत माहं होय."

बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा लेट आल्यासारखे ते खाली मान घालून बसले होते. पक्षाच्या टेबलावर दिवसभर बसून, दुपारी जेवायला उठले तेव्हा आत जाऊन त्यांनी छत्रीवर शिक्का मारला होता. पक्षातल्या कोणाला कळलं असतं तर पंचवीस वर्षांची अब्रू गेली असती. असा माणूस हे खोटं सांगणार नाही, हे काकांनाही समजलं. ते परत बसले.

"मंग या तिघायनं कोनाले देलं?" त्यांनी विचारलं.

आई पहिली फुटली. "यायनं इतके वर्ष घोटून घेतलं ना जी. हात आपोआपच तिथं गेला."

सुमन रडत रडत म्हणाली, "तुमी आमदार झाले असते तं लग्न भोपाळले ठेवलं असतं, अन् आणखी सहा महिने गेले असते. मले लवकर पायजे होतं." यावर काकांना हसू आवरेना, आणि तिथंच माझ्या बहिणीचं लग्न पक्कं झालं. (मधुकरला हे वाक्य कळलं तेव्हा तो आठवडाभर यार्डात हसत फिरत होता म्हणे.)

उरलो मी. छत्री मला मतपत्रिकेवर दिसली होती, चांगली स्वच्छ दिसली होती. पण हातात शिक्का आला आणि शहाण्या मुलासारखा तो पक्षाच्या निशाणीवर जाऊन बसला. घडीसुद्धा आधी उभी, मग आडवी. हे सगळं मी सांगितलं, पायाच्या अंगठ्याकडे पाहत.

डॉक्टरकाका बाबांकडे वळले. "पन तुमी तं मले तोंडावर नाई म्हनलं होतं. मंग देलं कावून?"

बाबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हा महिनाभर डोकं खाऊन राहिला होता, मानूस पाहा, मानूस पाहा. पटलं मले."

म्हणजे माझ्या महिनाभराच्या भाषणांनी आख्ख्या घरात एकच माणूस पटला, आणि तो मी नव्हतो.