शिट्टीआधी

परवा एका गवयाच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर त्याचा रियाज चालला होता, लोक टाळ्या वाजवत होते आणि मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते. याच्या घरी भात कधी शिजतो, हे कुणीच कसं दाखवत नाही?

आमचे बाबा गायचे. कुकरच्या शिट्टीने त्यांचा सूर मोडायचा, म्हणून आई शिट्टीआधीच गॅस बंद करायची. आमच्याकडे डाळ कायम कच्चट असायची. बाबा गायचे मात्र असे, की त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही.

सिनेमाहून मी घरी आले, तर आई कुकरपाशी उभी. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिचा हात गॅसच्या बटणावर होता.

"आई, आता होऊ दे की शिट्टी!"

तिने गॅस बंद केला. "नको गं," ती म्हणाली, "आता मलाच दचकायला होतं."