शेळीचे सहा पाय

सोमवारी सकाळी माझी पत्नी वारली. ती आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मी त्याच शाळेत ग्रंथपाल आहे.

तेरावा उरकून शाळेत गेलो, तेव्हा स्टाफरूममधल्या वेळापत्रकात तिच्या नावावर पांढरी शाई फिरवून वर माझं नाव लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी सांत्वन केलं आणि त्याच दमात खुलासाही केला.

"सर, तुम्हाला तसेही तास नसतात. आणि चित्रकलेत शिकवायचं असतं काय? कागद द्यायचे, गप्प बसवायचं."

चित्रकलेच्या शिक्षकाची खरी कामं शाळेच्या मते वेगळीच असतात. पाहुणे आले की फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्' लिहायचं. प्रमाणपत्रांवर वळणदार अक्षरात नावं घालायची. स्नेहसंमेलनाला पुठ्ठ्याचा किल्ला उभारायचा, आणि एरवी कुणाचं गणित मागं पडलं असेल तर आपला तास हसतमुखानं देऊन टाकायचा. माझी पत्नी हे सगळं करायची, फक्त तास द्यायची नाही. त्यामुळं ती हट्टी म्हणून प्रसिद्ध होती.

मला सरळ रेघ येत नाही. म्हणून मी ती जे करायची तेच करायला लागलो. वर्गाच्या दारात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा. आत येताना प्रत्येकानं आपला खोडरबर त्यात टाकायचा, जाताना परत घ्यायचा. रेघ चुकली तर ती राहू द्यायची आणि शेजारी दुसरी काढायची. मध्ये स्टुलावर किटली ठेवायची, बाकं भोवतीनं लावायची. सुरुवातीला पेन्सिलीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. ज्याला बसल्या जागेवरून किटलीची नळी दिसत नाही, त्यानं नळी काढायची नाही. मुलांना हे फार जड जातं. नळी असतेच, हे त्यांना माहीत असतं. तलावाला लागून घर असलेला हर्सूलचा मुलगासुद्धा तलाव काढ म्हटलं की काठावर नसलेली नारळाची झाडं लावून मोकळा होतो.

सातवीत एक मुलगी आहे. तिचे आईवडील खुलताबादकडं शेळ्या राखतात आणि ती मावशीकडं राहून शिकते. तिनं शेळी काढली. शेळीला सहा पाय होते.

"हे काय गं?"

"चाललीय ना ती, सर. मागचे पाय आधी इथं व्हते, मग इथं आले. बाईंनी खोडायचं नाय म्हणून सांगितलंय."

"पण सहा?"

"शेळी गप उभी राहती व्हय कुठं? तुम्ही कधी राखली नाय वाटतं."

राखली नव्हती. मी चित्र भिंतीवर लावलं.

पुढं अधिकाऱ्यांची शाळाभेट ठरली. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "स्पष्टच सांगतो, सर. साहेबांना भिंतीवर काही बघण्यासारखं दिसलं तर ठीक. नाहीतर चित्रकलेचे आठवड्याचे दोन्ही तास शिष्यवृत्तीच्या सरावाला जातील."

ती असती तर भांडली असती. मी मान हलवली आणि ग्रंथालयात जाऊन बसलो.

भेटीच्या आदल्या दिवशी गुलमंडीच्या बाजारातून नव्या खोडरबरांचा बॉक्स आला. भिंतीवरची चित्रं उतरवून स्टाफरूमच्या टेबलावर पसरली गेली आणि पोरांच्या चुकलेल्या रेघा खोडायला चार शिक्षक बसले. आजवर चित्रकलेला आमच्या शाळेत इतकं मनुष्यबळ कधी मिळालं नव्हतं. शेळी गणिताच्या सरांच्या वाट्याला आली. त्यांनी मोजून चार पाय ठेवले. ते चारही मागचे होते.

सकाळी मुलगी भिंतीवर पुन्हा लावलेल्या चित्रांपुढं थांबली.

"अगं माय, हिचं काय केलं हो, सर? तोंडावर पडंल की आता!"

 मी खिशातली पेन्सिल तिला दिली. तिनं खोडलेल्या काळपट डागावरच पुढचे दोन पाय पुन्हा काढले. तेवढ्यात साहेब आलेच. स्वच्छ केलेल्या साऱ्या चित्रांवरून त्यांची नजर घसरत गेली आणि त्या मळक्या शेळीवर अडकली.

"याला सहा पाय कसे?"

"नजरचुकीनं राहिलं, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

"नाय हो," मुलगी म्हणाली, "चाललीय ती."

"कुठं चाललीय?"

"घरी. खुलताबादला."

साहेब मोठ्यानं हसले. त्यांनी मोबाईलवर शेळीचा फोटो काढला, "वा, वा" म्हणाले आणि चहाला गेले. भेटीच्या शेऱ्यात चित्रकलेपुढं 'उपक्रम चांगला' असं पडलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी निकाल दिला. चांगल्या उपक्रमाचा एक तास राहील, दुसरा शिष्यवृत्तीला. गणिताच्या सरांनी माझं अभिनंदन केलं. शेळीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आता आठवड्यातून चित्रकलेचा एक तास आहे, शुक्रवारी शेवटचा. डबा दारात असतो. वेळापत्रकावरची पांढरी शाई सुकून तडकली आहे आणि माझ्या नावाखालून तिचं नाव वाचता येतं.