पाळी कोणाची, फोन कोणाचा

“पाळी धाची म्हणून लिवलंय. मी नवापासनं पाटावर हुबा हाय. पाणी कवा सोडताय?”

आमच्या रिसेप्शनवरील शैलाताईंना फोन स्पीकरवर ठेवून बोलण्याची सवय होती. त्यामुळे हा प्रश्न माझ्या तपासणीच्या खोलीत जसाच्या तसा ऐकू आला. माझ्यासमोर वैजयंता बसली होती. मी तिची नाडी पाहत होतो, आणि ती नाडी माझ्या बोटांखाली एकदम धावू लागली.

“मामंजी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. फोनवर तिचे सासरे, आबा, होते.

मी कराडला वैद्यकी करतो. वैजयंता जवळच्याच एका गावची सून. यजमान सैन्यात, सीमेवर. गेल्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा दुसऱ्याच महिन्यात वार्ता गावभर झाली. नात्यातल्या बायका हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. पुढे गर्भ टिकला नाही. तेव्हा त्याच बायका सांत्वनाला आल्या. दुःखापेक्षा ते सांत्वन सोसणे तिला जड गेले होते. म्हणून या वेळी तिने पहिल्याच दिवशी मला सांगितले, “तिसरा महिना सरंस्तवर ह्यांच्याबिगर कुणाला कळू द्यायचं न्हाई.” मी शब्द दिला होता. घरी बाजाराचे निमित्त सांगून ती एकटीच येत असे.

गर्भिणी परिचर्या म्हणजे गर्भवतीने महिन्यागणिक घ्यायचा आहार आणि औषध. त्यात ठरल्या वेळी येणे महत्त्वाचे असते. लोक विसरतात, म्हणून आम्ही आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज पाठवू लागलो होतो. त्याला रिमाइंडर म्हणतात. दवाखान्यात रुग्णाला आत बोलावताना शैलाताई नेहमी “तुमची पाळी आली” असे म्हणत. तोच शब्द त्यांनी मेसेजात घातला: ‘आपली पाळी उद्या सकाळी दहा वाजता आहे. वेळेवर यावे. चुकल्यास पुढील पाळी पंधरा दिवसांनी.’ कोणाच्या हाती पडला तरी काही उघड होऊ नये, म्हणून दवाखान्याचे नावही घातले नाही.

हेतू उत्तम होता. परंतु आमच्या भागात कालव्याचे पाणीही पाळीनेच मिळते, आणि ती पाळी चुकली तर पुढची खरोखरच तितक्या दिवसांनी येते. त्यातून नंबर गेल्या वेळच्या फाइलवरचा. तेव्हा सासरे स्वतः सुनेला घेऊन आले होते आणि त्यांनी आपला नंबर दिला होता. आबा पहाटे उठून, सरी साफ करून, फावडे घेऊन पाटावर उभे राहिले, यात त्यांचे काय चुकले? पाटकऱ्याशी, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाशी, त्यांचे भांडणही होऊन गेले होते, आणि मग मेसेज आलेल्या नंबरवरच त्यांनी फोन लावला होता.

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिले. मी स्पीकर बंद करून फोन हाती घेतला.

“आबा, हा दवाखाना आहे. मेसेज चुकून आपल्याकडे आला. चूक आमची. क्षमा असावी.”

“दवाखाना?” आणि आवाज ओळखून ते म्हणाले, “आवं, तुमी वैद्यबुवा न्हवं? मग आमच्या सूनबाई परत याला लागल्यात का?”

वैजयंता पदराचे टोक मुठीत घट्ट धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

असत्य बोलणे मला जमत नाही. पाठशाळेत बालपणापासून तेच शिकलो. आणि वैद्यकीच्या आरंभी गुरूंनी बजावले होते की रोग्याच्या घरची गोष्ट आपल्या मुखातून बाहेर पडू द्यायची नाही. दोन्ही पाळायचे तर गप्प राहणे हा एकच मार्ग. पण त्यातही एक पेच असतो. कोणी येत नसेल तेव्हा ‘येत नाही’ असे सांगत गेलो, तर ज्या दिवशी गप्प राहीन त्या दिवशी ‘येते’ असा अर्थ निघेल. म्हणून नियम सर्वांसाठी सारखा हवा.

“आबा, माझ्याकडे कोण येते आणि कोण येत नाही, हे मी कोणालाच सांगत नाही.”

“मी घरचाच हाय की.”

“घरच्यांनाही नाही.”

आबांचा आवाज खाली आला. “म्हंजी उद्या मी आलो, तर आमच्या मंडळींना सांगणार न्हाई?”

“नाही.”

“तिनं फोन करून इचारलं तरी?”

“तरीही नाही.”

“लय ब्येस. मग सांजच्याला येतो.”

मी फोन ठेवला. पलीकडचे तिला ऐकू आले नव्हते, पण माझे ‘नाही, तरीही नाही’ ऐकून वैजयंता सुटकेने इतकी हसली की नाडी पुन्हा पाहावी लागली.

आबा खरोखरच संध्याकाळी आले. बरीच वर्षे लपवलेली एक तक्रार त्यांनी मोकळेपणाने सांगितली. सुनेविषयी अवाक्षर काढले नाही. औषध घेऊन उठताना मात्र दाराशी थांबले.

“मी काय इचारलं न्हाई, आन् तुमी काय सांगितलं न्हाई.”

“बरोबर,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून, एरवी वैजयंता आणायची तो वैरणीचा भारा आबा स्वतः आणू लागले. सासूबाईंनी कारण विचारले तेव्हा व्यायाम पाहिजे म्हणाले. हे वैजयंताने पुढच्या भेटीत सांगितले. तिसरा महिना सरल्यावर तिने घरी वार्ता दिली, तेव्हा आबांनी इतके आश्चर्य दाखवले की सासूबाईंना तिथेच शंका आली. पुढे ईश्वरकृपेने सर्व सुखरूप पार पडले. घरात आता कन्यारत्न आहे.

आमच्याकडे त्या आठवड्यातच बदल झाला. स्पीकर कायमचा बंद झाला. मेसेजात ‘पाळी’ऐवजी ‘भेटीची वेळ’ आली. आणि प्रत्येक भेटीत रुग्णाला एकांतात तीन प्रश्न विचारू लागलो: हा फोन कोणाच्या हाती असतो? यावर लिहिले तर चालेल का? काय लिहिलेले चालेल? पुढे कधी नको वाटले, तर तसे सांगितले की मेसेज बंद. औषधाला दिलेली संमती वेगळी आणि मेसेजला दिलेली संमती वेगळी. नंबर दिला म्हणजे अनुमती दिली, असे नव्हे. एका आजींनी उत्तर दिले, “फोन माजा हाय, पर वाचतो नातू. तवा लिवू नगा, हाक मारा.” आम्ही त्यांना फोन करतो. वैजयंता म्हणाली, काहीच पाठवू नका, मीच विचारीन. तसेच ठेवले.

हा प्रसंग लिहिण्यापूर्वी दोघांची अनुमती घेतली. वैजयंताने नाव आणि इतर खुणा बदलायला लावल्या. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि लिहा म्हणाले. तक्रार कोणती होती, तेवढे मात्र लिहू दिले नाही.